चित्रातल्या बाईची उंची

तिच्या सासूबाई शेजारणींना ठणकावून सांगत, "आमची सून विमानाच्या कंपनीत आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. सून अवकाशयानंच करायची, फक्त ती उडत नसत. सिनेमात जी वस्तू जगात कुठेच नाही ती आधी कुणीतरी चित्रात दाखवावी लागते, मग सुतार आणि रंगारी ती उभी करतात. ते चित्र काढणं हे हिचं काम. घरी आली की नवरा विचारायचा, "काय, आज काय उडवलंस?" ती चपला भिरकावून म्हणायची, "डोकं तेवढं उडायचं राहिलंय."

कलाशाळेतून बाहेर पडल्यावर तिने बरीच वर्षं फर्निचरच्या दुकानात लोकांच्या स्वयंपाकघरांची चित्रं काढली. गिऱ्हाईक ओट्याच्या रंगावर घोळ घालत बसलं की ही कागदाच्या कोपऱ्यात अवकाशयानाचा ओटा काढायची. ते कागद घेऊन तिने स्टुडिओंचे उंबरठे झिजवले. "यानं-बिनं बायकांना जमत नाहीत हो," असं म्हणून एकाने चहा पाजून वाटेला लावलं. चहा चांगला होता. तो संपवून ती पुढच्या स्टुडिओत गेली. मग दुसऱ्यांच्या हाताखाली यानांची दारं, बोळ, नटांच्या पाठीवरच्या टाक्या असं पडेल ते काम करत राहिली आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा एक अख्खं यान तिच्या वाट्याला आलं.

या धंद्यात एक रीत आहे. प्रत्येक चित्रात एक माणूस उभा करायचा, म्हणजे बाकीच्याचा आकार कळतो. सगळे तिथे चांगला उंचापुरा गडी काढतात. ही पहिल्या दिवसापासून स्वतःलाच काढत आली, कारण आरसा हाताशी होता. तिची उंची जेमतेम पावणेपाच फूट. स्टुडिओत तिला प्रेमाने 'चिमणी' म्हणत, आणि प्रेम कमी असलं तरी तेच म्हणत.

आजवर त्याने काही बिघडलं नव्हतं, कारण मापांचे नकाशे दुसरा माणूस करायचा. या वेळी तो मध्येच काम सोडून गेला आणि घाईत सुतारमिस्त्रींनी चित्रातल्या माणसावरूनच मापं धरली.

सेट तयार झाला. नायिका चालकाच्या खुर्चीत बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबकळायला लागले. हात लांब केला तरी यान चालवायचा मुख्य दांडा वीतभर दूरच राहिला. कुणीतरी फिसकन हसलं. दिग्दर्शकाचा चेहरा लाल झाला.

मिस्त्री चित्र घेऊन धावत आले. "हा बघा, हा माणूस मी पावणेसहा फुटी धरला. नेहमी तेवढाच असतो. बाकीचं सगळं त्याच हिशेबात वाढवलं."

"मिस्त्री, ती मी आहे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चित्राकडे पाहिलं, मग तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तरी म्हटलं, गड्याला वेणी कशाला!"

दिग्दर्शकाला हसू आलं नाही. "मोडा हे. गोदामातलं जुनं यान रंगवून घ्या. परवा शूटिंग आहे. आणि बाई, तुमचं काम संपलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती सगळी स्वतःवरच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हात झिजवले ते असं आपल्याच आळसापायी हातचं जाणार? तिने वर बघितलं. नायिका अजून खुर्चीच्या काठावर सरकून, दात-ओठ खात दांडा गाठायची खटपट करत होती. हे हिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. बसमधली कडी, फडताळाचा वरचा खण, बँकेची खिडकी, सगळं हिने असंच गाठलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "कथेत ही बाई शत्रूचं यान पळवते ना? मग ते तिच्या मापाचं असेलच कसं? हे आपल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मला उद्या संध्याकाळपर्यंत द्या. नाही पटलं तर पहिला हातोडा मीच घालते."

दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला, "उद्या संध्याकाळ. त्यानंतर एक मिनिट नाही."

तिने आणि मिस्त्रींनी कंबर कसली. एकही फळी कापली नाही. पायाने दाबायच्या पट्ट्यांना दोरीने ठोकळे बांधले, पाठीमागे घोंगडीची वळकटी खोचली, दांड्याला पाइप जोडला. खुर्चीवर चढायला खुंट्या ठोकल्या. पळून आलेल्या बाईने हाताला लागेल ते बांधून चालवलंय, असं दिसलं पाहिजे, एवढं ती सारखी बजावत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नायिका खुंट्यांवरून चढली. पाइपवर अंगाचा सगळा भार टाकून तिने दांडा ओढला. हात निसटला. पुन्हा ओढला, पुन्हा निसटला. मग ती खुर्चीत उभीच राहिली आणि शिवी हासडून लोंबकळली. दांडा खाली आला. दिग्दर्शक थांबा म्हणायचंच विसरला.

"बघितलंत?" थोड्या वेळाने तो सगळ्यांना म्हणाला. "माझ्या डोक्यात अगदी हेच होतं."

"तुमच्या नव्हतं आणि माझ्याही नव्हतं," ती म्हणाली. "माझी चूक होती, ती मी निस्तरली. यान राहणार ना?"

त्याने ओठ चावले. "राहणार. तुम्हीही राहा."

सगळे पांगल्यावर ती खुंट्यांवरून वर चढली. आपल्या यानात ती अजून एकदाही बसली नव्हती. ठोकळे असूनही तिचे पाय पोहोचेनात, आणि पाइपही पुरेना.

"मिस्त्री, अजून हातभर पाइप द्या."

"आता कशाला, बाई? शूटिंगला तुम्ही थोड्याच बसणार?"

"यान माझं आहे," ती खुर्चीत उभी राहत म्हणाली. "मला चालवता यायला नको?"