स्वर्गाची तालीम

शांतवन मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडायचा. कुणी काही सांगितलं की ते शब्दशः पाळायचं, ही त्याची जन्माची खोड. १९८३ साली एका रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये उपदेशात म्हणाले, "पुनरुत्थानानंतर कुणी लग्न करत नाही, करूनही देत नाही. लग्न इथल्यापुरतंच. ख्रिस्त आणि त्याची मंडळी, म्हणजे आपण सारे भाविक, यांच्या नात्याचं ते चित्र आहे."

शांतवन तोंड पाडून घरी आला. जेवताना बायकोला म्हणाला, "मालन, वर गेल्यावर आपण नवरा-बायको नाही."

"बरं. भात घालू आणखी?"

"एकदम जमायचं नाही गो मला. आत्तापासूनच सवय करायला हवी."

त्याने वळकटी उचलून पडवीत नेली. सकाळी दार वाजवून विचारलं, "भगिनी, चहा मिळेल का?" मालनने दिला, पण पाहुण्यांच्या कपबशीतून. पाहुण्याने रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून संध्याकाळी तो बांगडे घेऊन आला. न सांगता मासळी आणण्याची ही संसारातली पहिलीच वेळ.

शेजारची मथुरा दरवर्षी वडाला सूत गुंडाळून सात जन्म तोच नवरा मागायची. तिने कुंपणाच्या दगडी गडग्यावरून हळूच विचारलं, "मालनताई, तुमच्यात एका जन्मात सुटका होते? खरंच?"

इकडे पडवीतून शांतवनला मालन निराळीच दिसू लागली. वेणी घालताना ती गुणगुणते, मांजराशी तावातावाने भांडते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एका सकाळी तो धुतलेला सदरा घालून पाळकसाहेबांकडे गेला.

"साहेब, मला लग्न करायचंय."

"कुणाशी?"

"मालनशी."

"अरे, ती विवाहित आहे!"

"ठाऊक आहे. तिचा नवरा पडवीत निजतो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शांतवन, चित्र आहे म्हणून कुणी ते भिंतीवरून उतरवतं का? खरं रूप दिसेपर्यंत तेच बघायचं असतं."

"म्हणजे आत जाऊ?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

मालन तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "विचार करून सांगते." आणि खरोखरच रविवारपर्यंत विचार केला. तोवर बांगडे येत राहिले.

रविवारी ती म्हणाली, "या आत. पण वर गेल्यावर ओळख तरी द्याल ना?"

शांतवनने आठवून पाहिलं. उपदेशात याबद्दल काहीच आलं नव्हतं.

"साहेबांना विचारून येतो," म्हणाला, आणि पायांत वहाणा सरकवून निघालासुद्धा. मालनने कपाळाला हात लावला आणि त्याची वळकटी स्वतःच उचलून आत नेली.