फोमच्या पोटाची होडी

शेडमधली फायबरची धूळ आणि किस्से सारखेच. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच साठलेले!

१९९८ साली शिक्रापूरला भाड्याच्या शेडमध्ये आम्ही होड्या करायला घेतल्या. आम्ही म्हणजे मी आणि बाळू फिटर. आदल्या वर्षी दौंडला भीमेत एक पत्र्याची होडी पाणी भरून तळाला गेली. तीत माझा धाकटा भाऊ होता. त्यानंतर एकच ठरवलं : पाणी भरलं तरी बुडणार नाही अशी होडी करायची. मधे फोमची शीट, दोन्ही बाजूंनी रेझिन लावलेलं फायबरचं कापड. क्रीमच्या बिस्किटासारखं.

*

फोम यायला उशीर झाला, म्हणून बाळूनं थर्माकोल आणला. "दिसायला सेमच हाय की!"

रेझिन ओतलं आणि आमच्या डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून खड्डा पडला. बाळू खड्ड्यात बघत राहिला.

"साहेब, रेझिन उपाशी होतं वाटतं!"

सगळं खरवडून काढलं आणि फोम आल्यावर पुन्हा लागलो.

*

मे महिना. रेझिन घट्ट करणारं हार्डनर उन्हाळ्यात कमी टाकायचं असतं; आम्ही नेहमीच्याच मापानं टाकलं आणि चहाला गेलो. आलो तर बादलीतून धूर, आणि ब्रश आत उभाच्या उभा घट्ट! बाळूनं ब्रशला धरून अख्खी बादली उचलली.

"हँडल चांगलं बसलंय, साहेब!"

*

पहिली होडी टेम्पोत टाकून दौंडला निघालो. हलकी म्हणून एकच दोरी बांधलेली. चौफुल्याच्या अलीकडं वारा सुटला आणि होडी उडून थेट कांद्याच्या रानात! रानाचे मालक आप्पा कमरेवर हात ठेवून उभे.

"पान्यात चालती का?"

"अजून बघायचंय, आप्पा."

"उडती मातुर झ्याक!"

*

दौंडला ती कोणी घेईना. "वजनच न्हाई, तिचा काय भरवसा?" शेवटी चाँदमामा, तिथले जुने मच्छीमार, तयार झाले. होडी काठावर उतरवली. मामा चढणार, तेवढ्यात त्यांची बायको हमीदामामी पुढं आली. हातात पहार.

"बुडत न्हाई म्हनता?"

"नाही, मामी."

"पानी भरलं तरी?"

"तरी."

मामींनी तळात पहार घातली. दोन दणक्यांत आरपार भोक! 

"बसा," मामी नवऱ्याला म्हणाल्या. मामा चढून बसले. मामींनीच होडी आत ढकलली.

होडी काठोकाठ भरली. पाणी मामांच्या कमरेला लागलं, आणि होडी तिथंच थांबली. खाली जाईना. मामी बराच वेळ बघत राहिल्या. मीही.

मग पहार खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, "ठीक हाय. आता बिनभोकाची द्या!"