पोळ्याला धुतलेलं शिंग

सासरच्या पहिल्याच पोळ्याला मी बंदुकीची दारू गरम पाण्याने धुऊन काढली. परवा नातसुनेने केस सरळ करायचं यंत्र लावलं, जळक्या केसांचा वास घरभर झाला आणि ते वाफाळलेलं शिंग पुन्हा माझ्या नाकाशी आलं.

शिरपूरकडच्या आमच्या वावरात रानडुकरं मक्यात घुसायची. त्यांना पळवायला सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, ठासणीची बंदूक होती. तिची दारू ते एका शिंगात ठेवत. आपल्या मेलेल्या लाडक्या बैलाचं शिंग त्यांनी स्वतः तासून चकचकीत केलं होतं आणि रुंद तोंडाला लाकडाची चकती लाखेने चिकटवली होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोठ्यातल्या बैलांची शिंगं धुऊन रंगवतात, मग खुंटीवरच्या शिंगाने काय पाप केलं, हा माझा अतिशहाणपणा! उकळतं पाणी ओतलं. लाख सुटली, चकती निसटली आणि काळा चिखल मोरीत वाहून गेला.

नवरा दारात उभा राहून सगळं बघत होता, वर हसत होता. तेव्हा मी बावळट लाजेने रडले. आता मात्र डोकं तडकतं. भरल्या घरात एकाच्याही तोंडून ‘त्यात दारू आहे’ एवढं निघू नये? धुण्याऐवजी चुलीशी शेकलं असतं म्हणजे?

आबांनी रिकामं शिंग माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, “सूनबाई, आते रातले तूच वावरमा जाय, आनि डुकरेसले सांग, आज पोया शे, उपास धरा.”