दारात सुरू केलेली गाडी

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मुलाने विचारलं तेव्हा खोटं बोललो. सुनेने समोरच्या घराचा विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवला. आता लिहून टाकतो.

बायको गेल्यावर मुलाने मला जपानात, एदोगावाला आणलं. त्याआधीची सगळी नोकरी पिंपरीच्या एका स्कूटर कारखान्यात, इंजिनांच्या चाचणीवर झाली. लाइनवरून आलेलं इंजिन सुरू करायचं, ऐकायचं आणि पास की नापास ते सांगायचं. कानाने पोट भरलेला माणूस मी. आणि आलो कुठे, तर जिथे माणसं गाडीचं दारसुद्धा हळूच लोटतात अशा गल्लीत. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काठी घेऊन दारापर्यंत जायचं आणि परत यायचं.

समोरच्या घराच्या तळमजल्यावरचं शटर एका रविवारी वर गेलं आणि मला ती गाडी दिसली. जुनी अमेरिकन कुपे, दोन दारांची. टप कापून चार बोटं खाली आणलेलं, त्यामुळे काचा डोळे बारीक केल्यासारख्या. मडगार्ड काढलेले, बॉनेटच्या बाजू उघड्या, आत आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर ओळीने तीन कार्ब्युरेटर. रंग काळा, पण चकाकी नसलेला, तव्यासारखा. चाकं मात्र लाल. अमेरिकेत पूर्वी तरुण पोरं भंगारातल्या गाड्या अशा सोलून, हलक्या करून पळवायची; त्याला हॉट रॉड म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी नुसता बघत उभा राहिलो. उभं राहायला दुखतं हेही विसरलो.

गाडीचे मालक साठीचे. आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवलेल्या, आता निवृत्त, घरात एकटे. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझंही तसंच. पण पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर हे शब्द दोघांचे एकच. मी इंजिनं तपासायचो हे कळल्यावर ते मला सेन्सेई म्हणू लागले.

मी म्हटलं, "अहो, गुरुजी कसला, मी कामगार."

"आमच्या धंद्यात दातांच्या डॉक्टरला सेन्सेई म्हणतात," ते म्हणाले. "त्यांनी बिघडवलेलं मी दुरुस्त करायचो. तुम्ही निदान ऐकता तरी."

गाडी ते कधी दारात सुरू करत नसत. गल्लीला त्यांनी शब्द दिला होता. रविवारी सकाळी ती न्यूट्रलमध्ये टाकून, एकटे, खांद्याने ढकलत नदीच्या बांधापर्यंत न्यायची आणि तिथे सुरू करायची. मला दुरून एक घरघर ऐकू यायची, भिंतीपलीकडच्या गप्पांसारखी. शब्द कळत नाहीत आणि जीव तर तिथेच अडकलेला.

एकदा ते म्हणाले, "सेन्सेई, आत बसा. मी ढकलतो. बांधावर ऐका."

किती साधी गोष्ट होती. बसायला हवं होतं. पण माझ्याएवढ्या माणसाला कोणी गाडीत बसवून ढकलत नेतंय आणि गल्ली खिडकीतून बघतेय, हे मला सोसेना. "मी काय पेशंट आहे?" असं म्हणून वर मीच सुचवलं, "इथेच सुरू करा. एकदाच. एक मिनिट."

ते शटरकडे बघत राहिले. मग गल्लीकडे. मी पुन्हा म्हटलं, "सेन्सेई म्हणता ना?"

त्यांनी किल्ली फिरवली.

त्या इंजिनाबद्दल खोटं लिहिणार नाही. आयडलिंगला, म्हणजे नुसतं जागेवर चालताना, ते जरा लंगडत होतं, तशीच त्याची बांधणी होती, आणि प्रत्येक ठोका माझ्या बरगड्यांत येत होता. माझे डोळे भरून आले. ते बघून त्यांनी ॲक्सिलरेटर किंचित दाबला, माझ्यासाठीच. तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून सरकत बंद होऊ लागल्या. कोणी ओरडलं नाही. ते इंजिन बंद करून मान खाली घालून उभे राहिले, आणि मी काठी टेकत घरात आलो.

दोन दिवसांनी गल्लीच्या रहिवासी मंडळाचे प्रमुख त्यांच्याकडे येऊन गेले. मग ते स्वतः मिठाईचे खोके घेऊन घरोघरी माफी मागत फिरले. आमच्याकडेही आले. सुनेने दार उघडलं. ते कमरेत वाकले आणि बराच वेळ बोलले.

सून म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, परवाच्या आवाजाबद्दल माफ करा. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास झाला असेल."

त्यांनी मला त्रास झालेल्यांमध्ये बसवलं होतं. मला झाकलं होतं. एकदा वर बघितलं, खोका दोन्ही हातांनी पुढे केला, आणि मी तो घेतला. वाकलोसुद्धा.

मुलगा संध्याकाळी म्हणाला, "बरं झालं, ते स्वतःच येऊन गेले. नाहीतर इथे काही वाजलं की आधी आपल्याच घराकडे बघतात. बाबा, तुम्ही नव्हता ना तिथे?"

"छे," मी म्हटलं. "मी आत होतो."

खोक्यात लाल चवळीच्या गोड सारणाच्या वड्या होत्या. नातीने खाल्ल्या. मी एकीलाही हात लावला नाही.

नंतर ते शटर रविवारीही बंद राहिलं. मी नातीकडून एक जपानी वाक्य पाठ करून घेतलं. घरात कोणाला सांगायचं नाही, असं तिला बजावलं. वसंतात ट्रक आला. गाडी कोणी दूरच्या गावच्या माणसाने घेतली होती, आणि तेही घर सोडून मुलीकडे राहायला चालले होते. गाडी ट्रकच्या फळीवर चढवताना त्यांनी मला हाक मारली, "सेन्सेई!" माझा हात धरून गाडीच्या पाठीवर ठेवला. आम्ही दोघांनी ती ढकलली. माझा जोर कसला लागणार, पण त्यांनी मला ढकलू दिलं. पत्रा गार होता. वाक्य ओठांवर आलं होतं. सून दारात उभी होती, प्रमुखही होते. मी म्हणालो, "फार चांगलं इंजिन." ते हसले आणि वाकले.

ते वाक्य अजून पाठ आहे. मराठीत ते असं: त्या दिवशी गाडी दारात सुरू करायला मीच सांगितलं होतं. तुम्ही माझ्या चुकीची माफी घरोघरी मागितलीत, माझ्या दारातसुद्धा. मला माफ करा.