ताटलीतला केक

मनवेलपाड्यातल्या आमच्या मजल्यावर समोरच्या आजी माळकरी. अंडं त्यांच्या घरात चालत नाही. तरीही माझ्या केकचा पहिला तुकडा त्यांचाच असायचा. त्यात काय घालतेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुपारी त्या दारात खुर्ची टाकून बसत. मी अंड्यांचा ट्रे घेऊन जिना चढून आले की पाय आत घेत आणि भिंतीकडे बघत.

ताटली कधी रिकामी परत आली नाही. दोन आवळे, मूठभर शेंगदाणे आणि वर शेरा, "आज गोड जास्त झालंय." त्यांचा शेरा आल्याशिवाय मी ऑर्डर बाहेर पाठवत नसे. माझ्या सासूबाईंनीही माझ्या स्वयंपाकात इतकं लक्ष घातलं नव्हतं, आणि ते बरंच होतं.

ऑर्डरी वाढल्यावर मी अन्नसुरक्षेची रीतसर नोंदणी करून घेतली. लोक घाबरवतात तेवढी कटकट नव्हती. अडलं ते डब्यावरच्या स्टिकरपाशी. विकायच्या डब्यावर शाकाहारी-मांसाहारीची खूण लागते.

"अंडं आहे ना मॅडम? मग तपकिरी त्रिकोण," स्टिकर छापणारा म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची; ती आता नियमाप्रमाणे उघडायची होती. आजी एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. त्यांनी दार लावून घेतलं तर या मजल्यावर माझं कोण, या विचाराने मला भीती वाटली.

सुटा तुकडा नेता आला असता. पण मला अर्धवट कामं जमत नाहीत, म्हणून पहिला स्टिकर लावलेला डबाच नेला. आजींनी चष्मा लावला. माझं नाव वाचलं, नोंदणीचा नंबर वाचला, मग त्रिकोणावर अंगठा ठेवला.

"हा गिऱ्हाइकाला दे," डबा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "मला ताटलीत आण, नेहमीसारखा."

मी घरी येऊन त्याच डब्यातला तुकडा कापला, त्यांच्या ताटलीत ठेवला आणि परत गेले. त्यांनी तो सावकाश खाल्ला, बोटं पुसली.

"बरा झालाय," म्हणाल्या. "आणि तो ट्रे आणताना जपून चढत जा. वरची पायरी फुटलीय."