मुर्ध्याच्या खोलीतला अल्बम
केबिन रोडवर आज सुक्या बोंबलांचा वास आला आणि मला आमचा रॉक अल्बम आठवला. आमच्या बँडचा गायक मुर्धा गावातल्या मासेमार घरातला. शांती नगरातल्या आमच्या सोसायटीत ड्रम वाजवू देत नसत, म्हणून सराव त्याच्या घरी, मागच्या खोलीत चालायचा. खिडकीबाहेर बोंबील वाळत असायचे. काविळीने तो अचानक गेला, तेव्हा अल्बमची गाणी तयार होती, गाणारा नव्हता. काही महिन्यांनी आम्ही ड्रम उचलायला गेलो, तर त्याची आई दारात उभी राहिली. ‘कशाला नेताव? गानी अर्धीच हायेत ना?’ मग आम्ही ओळखीतला एक पोरगा गायला नेला. ती उंबऱ्यात येऊन बसली. पोराने डोळे मिटून हुबेहूब आमच्या मित्राचा आवाज काढला, तसाच घोगरा. आम्ही खूश झालो, पण ती म्हणाली, ‘त्याच्यासारखा नको गाऊ रं बाला. तो गाऊन गेला. तू तुज्यासारखा गा.’ पोरगा गोंधळला, पाणी प्यायला आणि पुन्हा गाऊ लागला. गाणं हलकं झालं, मोकळं झालं. ती मांडीवर ताल धरून ऐकत राहिली. अख्खा अल्बम आम्ही त्याच आवाजात रेकॉर्ड केला. आज घरी येऊन तो लावला. पूर्वी मी प्रत्येक ओळीत मित्राला शोधायचो. आज त्या पोराचं गाणं ऐकलं, आणि फार बरं वाटलं.