काळा ठोकळा

एमेट हाउककडे कोणी जेवायला आलं की तो मुद्दाम त्यांच्यासमोर भट्टी उघडायचा, पावाचा तापलेला पत्रा नुसत्या हातांनी बाहेर ओढायचा आणि सावकाश टेबलापर्यंत चालत यायचा. पाहुण्यांच्या तोंडून "अहो, अहो!" निघालं की याची कळी खुलायची. त्याची बायको व्हर्ना मागे न वळता म्हणायची, "मिरव, मिरव. एक दिवस बोटं पत्र्यालाच चिकटतील, मग मी तीच लोणी लावून वाढीन." पंधराव्या वर्षी हार्कर्स लँडिंगच्या काच कारखान्यात शिरलेला हा माणूस चव्वेचाळीस वर्षं फुंकणीच्या टोकावर काचेचे गोळे फिरवून बाहेर पडला होता. ओहायो नदीच्या काठावरच्या या गावात भाजलेली बोटं घरोघरी होती, पण त्यांचा असा तोरा एकट्या एमेटलाच.

त्याचा दुसरा तोरा म्हणजे नाइटांची तुकडी. मेन स्ट्रीटवर फ्रीमेसन या जुन्या बंधुमंडळाचा हॉल होता; खालच्या मजल्यावर त्यांची साधी शाखा, म्हणजे लॉज, भरायची. तिथे काही वर्षं चामड्याचा एप्रन बांधून झाली की वरच्या मजल्यावरच्या नाइट टेम्प्लरांच्या तुकडीत जाता यायचं. तिथे पांढरा झगा, छातीवर तांबडा क्रूस, कमरेला तलवार आणि टोपीवर शहामृगाचं पीस. एमेट उंचीने बेताचा आणि पोटाने भरपूर. तो जिना चढायला लागला की आधी पीस दिसायचं आणि बऱ्याच वेळाने एमेट. पण हसायची कोणाची हिंमत नव्हती, कारण जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंची राखण करणाऱ्या त्या मूळच्या नाइट योद्ध्यांचा इतिहास त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. शाळा सहावीत सुटलेली, पण गावच्या वाचनालयातलं धर्मयुद्धांचं कपाट त्याने दोनदा संपवलं होतं. दर मार्चमध्ये, टेम्प्लरांच्या शेवटच्या प्रमुखाला पॅरिसमध्ये जाळलं त्या दिवसाच्या आसपास, तुकडीपुढे ती हकीकत सांगायचा मान त्याचा. पस्तीस वर्षांत शनिवारची एक सभा त्याने चुकवली नव्हती.

एलियास नद्दूरशी त्याची गाठ पडली तीसुद्धा या इतिहासापायीच. तिसऱ्या गल्लीत एलियासचं किराणा दुकान होतं. बाप सीरियातल्या साफिताहून आलेला. एकदा बोलता बोलता एलियास सहज म्हणाला की साफिताला टेम्प्लरांनी बांधलेला मनोरा अजून उभा आहे, खाली चर्च आहे, आणि त्याच्या बापाचा बाप्तिस्मा तिथेच झाला. एमेट पिठाच्या पोत्यावर मटकन बसला तो दोन तास उठला नाही.

"म्हणजे तुम्ही लोक अजून तिथे प्रार्थना करता?"

"करतो की, अम्मो." एलियास त्याला काका म्हणायचा, आपल्या बोलीत. "आजोबा म्हणायचे, नाइट गेले ते झाडू आमच्या हातात देऊन गेले. तेव्हापासून आम्हीच झाडतोय."

त्या दिवसापासून एमेटच्या डोक्यात एकच. गावातला एकमेव माणूस ज्याच्या घराण्यानं टेम्प्लरांची वास्तू सांभाळली, तो वरच्या मजल्यावर नसावा म्हणजे काय? एलियास लॉजमध्ये येऊन नऊ वर्षं झाली होती. एमेटने त्याच्या मागे लागून अर्ज लिहून घेतला, शिफारशीची सही स्वतः केली आणि १९७३च्या ऑक्टोबरात तो तुकडीपुढे ठेवला.

मतदानाची रीत जुनी होती. लाकडी पेटीत पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे एकत्र ठेवलेले. उजवा हातमोजा काढून हात आत घालायचा, गोल की चौकोनी ते बोटांनी ओळखायचं आणि आतल्याआत पुढच्या कप्प्यात टाकायचं. गोटी म्हणजे होय, ठोकळा म्हणजे नको. एक ठोकळा पडला तरी माणूस नाकारला. आणि कोणी काय टाकलं हे मरेपर्यंत बोलायचं नाही, स्वतःचंसुद्धा.

मतदानाच्या शनिवारी दुपारी एकोणतीस जण होते. तुकडीचा कमांडर रडक हा गावचा दंतवैद्य. त्याने कप्पा उघडला आणि त्याचा चेहरा पडला. "एक काळा आहे. एखाद्याच्या हातून चूक झाली असेल. पुन्हा टाकू या. नीट, सावकाश." पुन्हा पेटी फिरली. पुन्हा एकच काळा. आता चूक म्हणायला जागा उरली नाही.

सगळ्यांच्या माना हळूहळू फ्लॉइड गँट्झकडे वळल्या. फ्लॉइड रेल्वेतून निवृत्त झालेला, तोंडाचा फाटका. आदल्याच आठवड्यात जेवताना तो म्हणाला होता, "अरबाला क्रूसाचा झगा घालणार? मग आपण लढायचं कोणाशी?" काही जण हसले होते, काही नव्हते. फ्लॉइडने सगळ्यांचे डोळे आपल्यावर पाहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. मी गोटी टाकली एवढं म्हणायलासुद्धा बंदी होती.

सगळ्यात जास्त डोळे वटारून कोणी पाहिलं असेल तर एमेटने. त्या दिवसापासून सभेनंतरच्या जेवणात फ्लॉइडच्या टेबलावर कोणी बसेना. एमेटने तर जिन्यात समोरासमोर आल्यावर मान फिरवली.

एलियासने तक्रार केली नाही. तेच एमेटला लागलं. पूर्वी हा माणूस गिऱ्हाइकाशी कांद्याच्या दरावरून दोस्तीने भांडायचा. आता सगळ्यांशी सारखंच, मोजून गोड बोलायचा. एमेट म्हणाला, "सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. करू."

"नको, अम्मो. माणसाला दारातून एकदा परत पाठवलं की कळतं. पुन्हा कशाला कडी वाजवायची?"

फेब्रुवारीत एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एलियासने मागच्या शेगडीवर कॉफी उकळली. गल्ल्याखाली एक डबा असायचा, त्यात साखरेचे चौकोनी खडे आणि साखर चढवलेले हरभरे एकत्रच पडलेले. एमेट एका वेढ्याची हकीकत सांगण्यात रंगला होता, डोळे एलियासवर, एक हात हवेत.

"दोन खडे टाका माझ्यात, अम्मो."

एमेटने न बघता डब्यात हात घातला, दोन उचलले, त्याच्या कपात टाकले. एलियासने घोट घेतला, दाताखाली कडकन वाजलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला. "खडे म्हणालो होतो हो! तुम्ही कॉफीत हरभरे पेरलेत!"

एमेटही हसला. मग त्याचं हसू तोंडावरच थिजलं. त्याने पुन्हा डब्यात हात घातला, आढ्याकडे बघत एक उचलला, मनाशी म्हणाला, चौकोनी. मूठ उघडली. गोल. कॉफी तशीच ठेवून, मूठभर खडे-हरभरे खिशात कोंबून तो उठला.

घरी स्वयंपाकघरात तो डोळे मिटून बसला आणि व्हर्नाला म्हणाला, "मी एकेक उचलतो. काय आहे ते सांगतो. तू फक्त बरोबर की चूक म्हण."

"हा कसला पोरखेळ?"

"म्हण गं."

"बरोबर. बरोबर. चूक. चूक. बरोबर. चूक..." वीसमध्ये नऊ चुका निघाल्या. ज्या बोटांना पत्र्याची धग लागत नव्हती, त्यांना कडा तरी कुठून लागणार? चव्वेचाळीस वर्षांच्या भट्टीने ती कधीच मारून टाकली होती, आणि हा त्यांचं कौतुक करून घेत बसला होता.

व्हर्ना त्याच्यासमोर बसली. "तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. काय केलंस?"

"सांगता येत नाही."

"तुमच्या त्या वरच्या मजल्यावरचं असेल तर मला नको सांगूस. पण ज्याला सांगायला हवं त्याला सांग, एमेट. तू असा गप्प बसलास की मला भीती वाटते."

त्याने काय काय विचार केला नाही! पुढच्या मतदानाला तब्येतीचं निमित्त काढून घरी राहावं. पण एलियास अर्जच करणार नव्हता. एलियासला एकट्याला कानात सांगावं. मग फ्लॉइडचं काय? तो तसाच एकटा बसून जेवत राहणार. आणि सगळ्यांपुढे सांगावं, तर शपथ मोडली म्हणून कमांडर त्याला बाहेर काढणार. एकाहत्तराव्या वर्षी त्या मजल्यावाचून त्याच्याजवळ होतं काय? व्हर्ना, पाव आणि शनिवारची वाट बघणं. शनिवार गेला तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हे त्याला खरंच कळत नव्हतं. तो घाबरला होता.

मार्चमधल्या सभेत तो नेहमीप्रमाणे हकीकत सांगायला उभा राहिला. म्हातारा प्रमुख सात वर्षं कोठडीत. छळाच्या भीतीने त्याने आपल्या भावांवरचे खोटे आरोप कबूल केलेले. मग पॅरिसच्या मोठ्या चर्चसमोर त्याला चौथऱ्यावर उभं केलं, लोकांपुढे तेच पुन्हा म्हण म्हणाले. "आणि तो म्हणाला, माझा एकच गुन्हा. जीव वाचवायला मी माझ्या भावांवर डाग येऊ दिला." इथून पुढे दरवर्षी एमेट आगीचं वर्णन करायचा आणि रडक रुमाल काढायचा. या वेळी एमेट थांबला.

"ऑक्टोबरातला काळा ठोकळा माझा होता," तो म्हणाला.

"एमेट, खाली बस," रडक घाईने म्हणाला. "पुढे बोललास तर मला लिहावं लागेल."

"लिही. दोन्ही वेळचा माझाच. मला गोल-चौकोनी कळत नाही, बोटं मेली आहेत माझी. गोटी समजून टाकला. घरी डोळे मिटून पाहिलं, निम्म्या वेळा चुकतो. फ्लॉइडने काही केलेलं नाही."

"निम्म्या वेळा चुकतोस म्हणजे तुझाच कशावरून?" कोणीतरी मागून म्हणालं, त्याला वाचवायला.

"फ्लॉइडचा नव्हता म्हणून. पाच महिने तोंडातून शब्द काढला नाही त्याने. असला माणूस पेटीत हात घालून दगा देत नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं."

फ्लॉइड जागेवरून म्हणाला, "बाकीच्यांचं जाऊ दे. ते मला ओळखत नाहीत. तीस वर्षं तू माझ्या शेजारी बसून बटाटे खाल्लेस. तू का नाही आलास माझ्या टेबलावर?"

"चुकलो," एमेट म्हणाला. "माफ कर मला, फ्लॉइड."

"बघू," फ्लॉइड म्हणाला, आणि नाक शिंकरायला बराच वेळ लावला.

शिक्षा व्हायची ती झाली. एक वर्ष सभाबंदी. रडकने ती वाचून दाखवली. एमेटने तलवार काढून टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरून, झग्यासकट, थेट तिसऱ्या गल्लीत गेला.

एलियास फळीवर डबे लावत होता. एमेटने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. एलियासचा हातातला डबा फळीपाशीच थांबला. एमेटला वाटलं, आता हा म्हणेल, चालते व्हा.

"म्हणजे," एलियास हळू आवाजात म्हणाला, "कोणीच नको म्हणालं नव्हतं?"

"कोणीच नाही, पोरा. मी तर तुला सगळ्यांत जास्त हवं म्हणत होतो."

"एकोणतीस माणसं, अम्मो. रोज त्यातलं कोणीतरी दुकानात यायचं. मी पाव बांधून द्यायचो आणि मनात विचारायचो, हा का? याच्या पोरीच्या लग्नाला गेलो होतो मी, हाच का? बायकोला म्हणालो होतो, दुकान विकून क्लीव्हलँडला भावाकडे जाऊ." त्याने डबा खाली ठेवला, गल्ल्यावर डोकं टेकलं आणि तो मोठा माणूस हमसून हमसून रडला. एमेटने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती ते त्याला कळलं, तळहाताला कळलं.

एप्रिलमध्ये एलियासचा अर्ज पुन्हा गेला. त्या दुपारी एमेट सवयीने दाढी करून, कोट घालून तयार झाला, मग आठवलं आणि दुकानात जाऊन पोत्यावर बसला. दोघंही घड्याळाकडे बघत होते. साडेतीनला दार ढकलून फ्लॉइड आत आला, पिसाच्या टोपीसकट, धापा टाकत.

"एकही काळा नाही. रडक म्हणतो, पुढच्या शनिवारी तुला झगा चढवू."

"पुढच्या मार्चमध्ये," एलियास म्हणाला. "कमांडरना कालच फोन करून सांगितलंय. निवडलंत तर तेव्हाच येईन."

एमेट ताडकन उठला. "डोकं फिरलं काय तुझं? मिळतंय तेव्हा घे!"

"पहिल्या दिवशी उमेदवाराला हाताला धरून आत नेणारा एक माणूस असतो ना? माझा माणूस मार्चपर्यंत बाहेर आहे. मीही बाहेर."

"अरे, मी एकाहत्तरचा आहे! वर्षभरात मेलोबिलो तर?"

एलियासने त्याच्यापुढे कॉफीचा कप सरकवला, फ्लॉइडपुढे दुसरा. "म्हणून सांगतोय, अम्मो. मार्चपर्यंत मरायचं नाही."

फ्लॉइडने टोपी काढून गल्ल्यावर ठेवली आणि एमेटच्या शेजारी, त्याच पोत्यावर बसला. एमेटने सरकून त्याला जागा केली.

"बरं," तो म्हणाला, "नाही मरत."